शिक्षकांच्या हातातली माती

आजचा भाग शाळेबद्दल आहे, पण मुलांबद्दल कमी आणि मुलांना शिकवणाऱ्यांबद्दल जास्त. तुमच्यापैकी जे जपानमध्ये राहतात, त्यांच्या घरी एक प्लॅस्टिकची कुंडी नक्की आली असेल. पहिलीतलं मूल शाळेत आसागाओचं बी पेरतं, रोज बाटलीनं पाणी घालतं, पान कितवं फुटलं त्याचं चित्र काढतं आणि उन्हाळी सुट्टी लागली की ती वेल आई-बाबांच्या मदतीनं घरी आणतं. तिसरीत 'रिका', म्हणजे विज्ञान, सुरू होतं. पाचवीत मुलं वाळूच्या ढिगावर पाणी सोडून नदी काठ कसा कापते ते बघतात. सहावीत जमिनीचे थर येतात.

हे सगळं शिकवणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तीच भाषा शिकवते, तीच गणित, तीच धावण्याची शर्यत घेते. तिनं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलेलं असेलच असं नाही. मग दगड, माती, नदी आणि लाट तिला कोण शिकवतं? जपाननं या प्रश्नाची उत्तरं दीडशे वर्षं शोधली. काही उत्तरं छान निघाली, काही फसली, आणि फसलेल्या उत्तरांची किंमत मुलांनी मोजली. ती गोष्ट आज ऐका.

सुरुवात १८७२ पासून करू. त्या वर्षी जपानमध्ये देशभरासाठी शिक्षणाचा कायदा आला आणि टोकियोत शिक्षक तयार करणारी पहिली सरकारी शाळा उघडली. आपल्याकडे जिला ट्रेनिंग कॉलेज म्हणत, तशी. तीन वर्षांनी सरकारनं काही तरुणांना अध्यापन शिकायला अमेरिकेला पाठवलं. त्यांतले ताकामिने हिदेओ न्यू यॉर्क राज्यातल्या ओस्वेगो इथल्या शिक्षक विद्यालयात गेले. तिथं पेस्टालोझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीनं शिकवत. आधी वस्तू मुलाच्या हातात द्यायची, मग तिचं नाव सांगायचं. पान, शिंपला, दगड, काहीही चालेल. आपल्या मराठी शाळांतही हीच पद्धत 'वस्तुपाठ' या नावानं आली. आज आपण 'त्यांनी वस्तुपाठ घालून दिला' असं म्हणतो तेव्हा या शब्दाचं शाळेशी असलेलं नातं आपल्या ध्यानात येत नाही. ताकामिने १८७८ मध्ये परतले आणि टोकियोच्या त्या शाळेत शिक्षक घडवू लागले. १८८६ मध्ये प्राथमिक शाळेत 'रिका' हा विषय अधिकृतपणे आला.

यापुढे जे झालं ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. १९०४ पासून जपानमध्ये सरकारी पाठ्यपुस्तकं लागू झाली, पण विज्ञानाचं पुस्तक मुलांच्या हाती द्यायचं नाही असा नियम होता. विज्ञान निसर्गात बघून शिकायचं, पुस्तक पाठ करून नाही, हा त्यामागचा विचार. विचार सोळा आणे खरा! पण शिक्षकाला निसर्गाकडे बघायला कुणी शिकवलं होतं? ज्यानं स्वतः कधी ओढ्याकाठचा दगड फोडून पाहिला नाही, तो पुस्तकाविना वर्गात काय करणार? तो फळ्यावर लिहिणार आणि मुलं उतरवून घेणार. शेवटी १९११ मध्ये मुलांसाठी सरकारी विज्ञान पुस्तक आलंच.

तीस वर्षांनी पुन्हा तोच प्रयोग झाला, पण या वेळी जरा शहाणपणानं. १९४१ साली, युद्धाच्या धामधुमीत, पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी 'शिझेन नो कानसात्सु' नावाचा अभ्यास सुरू झाला. अर्थ साधा, 'निसर्गाचं निरीक्षण'. याचं पुस्तक फक्त शिक्षकांसाठी छापलं होतं, मुलांसाठी नाही. मुलांना कुठं न्यायचं, काय दाखवायचं, काय विचारायचं आणि उत्तर सांगायची घाई का करायची नाही, हे त्यात होतं. सरकारला त्या काळात विज्ञान हवं होतं ते मुख्यतः युद्धासाठी, हे विसरून चालणार नाही. थोड्याच वर्षांत शहरांवर बॉम्ब पडू लागले, मुलांची खेड्यांत पांगापांग झाली आणि हा अभ्यास नीट रुजायच्या आत संपला. पण त्यातली एक जाण टिकली. मुलाचं पुस्तक काढून घ्यायचं असेल, तर आधी शिक्षकाची तयारी करून घ्यावी लागते.

याच सुमाराला एका प्राथमिक शिक्षकानं लिहिलेला धडा जपानभर गाजत होता. त्यांचं नाव नाकाई त्सुनेझो, वाकायामा प्रांतातले. त्यांच्या भागातल्या हिरो या गावी १८५४ च्या मोठ्या भूकंपानंतर त्सुनामी आली होती. हामागुची गोर्‍यो या तिथल्या प्रतिष्ठित माणसानं अंधारात सापडलेल्या लोकांना उंचावरची वाट दिसावी म्हणून शेतातल्या भाताच्या उडव्या पेटवल्या. पुढे लाफ्काडिओ हर्न या लेखकानं त्यावर इंग्रजीत कथा रचली. नाकाईंनी ती मुलांच्या भाषेत आणली आणि १९३७ पासून दहा वर्षं ती पाचवीच्या वाचनमालेत होती. धड्याचं नाव 'इनामुरा नो ही', म्हणजे 'उडव्यांची आग'. १८५४ च्या त्या घटनेची आठवण म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला.

धडा सुंदर आहे, यात शंका नाही. पण पुस्तकातला धडा एकच चित्र देतो. या गोष्टीत समुद्राचं पाणी आधी मागं सरतं, तळ उघडा पडतो आणि मग लाट येते. त्यामुळे आधी पाणी मागं जातंच, असं कुणाच्याही मनात बसू शकतं. वास्तवात समुद्राचा तळ कुठं उचलला आणि कुठं खचला यावर ते ठरतं. काही किनाऱ्यांवर पाणी मुळीच मागं न हटता पहिली लाट थेट चढते. गोष्ट सांगणारा शिक्षक इथं दोन मिनिटं थांबला, परातीत पाणी घेऊन तळाखालची पट्टी वरखाली करून दाखवली, तर मुलांना दोन्ही शक्यता कळतात. नुसता धडा वाचला, तर एकच कळते.

आता युद्धानंतरच्या काळात येऊ. १९५३ मध्ये जपाननं शाळांना विज्ञानाची साधनं घेण्यासाठी सरकारी मदत देणारा कायदा केला. १९६० नंतर प्रांतोप्रांती विज्ञान शिक्षण केंद्रं उभी राहिली. शिक्षक तिथं येत आणि मुलांनी करायचे प्रयोग आधी स्वतः करत. सूक्ष्मदर्शकाची काच कुणाच्या हातून फुटली, तर ती मुलांसमोर न फुटता इथं फुटलेली बरी, असा व्यवहारी हिशोब.

त्याच काळात नागानो प्रांतातल्या नोजिरी तळ्याकाठी एक वेगळीच शाळा भरली. १९४८ मध्ये तिथल्या एका खानावळवाल्याला तळ्याच्या काठावर एक विचित्र, वळ्यावळ्यांची वस्तू सापडली. थंडीत अंथरुणात ठेवतात त्या गरम पाण्याच्या पत्र्याच्या डब्यासारखी ती दिसत होती. निघाली ती हत्तीची दाढ! नाऊमन हत्ती नावाच्या, कधीच नामशेष झालेल्या प्राण्याची. १९६२ मध्ये उत्खनन सुरू झालं. ते चालवण्यात पुढाकार भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका संघटनेचा होता, पण खोदायला आले ते शाळेचे शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, आजोबा-आजी, सगळे. खर्च ज्याचा त्याचा. मार्चच्या कडाक्याच्या थंडीत, तळ्याचं पाणी उतरलेलं असताना, चिखलात गुडघे टेकून.

१९७३ च्या उत्खननात हत्तीचा सुळा आणि एका महाकाय हरणाचं शिंग शेजारी शेजारी सापडलं. वाकलेला सुळा चंद्रकोरीसारखा, पसरलेलं शिंग ताऱ्यासारखं. लोकांनी त्या जोडीला नाव दिलं 'चंद्र आणि तारा'. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी, की ज्या शिक्षकानं स्वतःच्या हातानं चिखलातून हाड सोडवलं, ते कुठल्या थरात होतं याची नोंद केली आणि हा थर त्या थराच्या वर का, यावर तज्ज्ञाशी वाद घातला, त्याला सहावीचा 'जमिनीचे थर' हा पाठ शिकवायला मार्गदर्शिका उघडावी लागत नाही.

पण असे शिक्षक किती? २६ मे १९८३ रोजी याचं उत्तर फार क्रूरपणे मिळालं. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला जपानच्या पश्चिम बाजूच्या समुद्रात मोठा भूकंप झाला. अकिता प्रांतातल्या आइकावा मिनामी या डोंगराळ भागातल्या प्राथमिक शाळेची मुलं सहलीला ओगाच्या किनाऱ्याकडे निघाली होती. भूकंपानंतर बस समुद्रकाठी पोचली, मुलं डबे घेऊन किनाऱ्यावर उतरली. लाट आली आणि १३ मुलं गेली. त्या भूकंपात एकूण १०४ माणसं दगावली, त्यांतली १०० त्सुनामीनं.

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण त्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या समजूत होती की त्सुनामी येते ती पूर्वेच्या प्रशांत महासागरातून, आपल्या समुद्रात नाही. धरणी हलली तर दरडी कोसळतात, म्हणून मोकळ्या किनाऱ्यावर जावं, असंही लोक सांगत. हे ऐकताना तुम्हाला दुसरं काही आठवतं का? 'दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं मोठा भूकंप होत नाही.' ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेनं या समजुतीला तडा दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं ती हजारो माणसांसकट गाडली. पुस्तकात नकाशा असतो, पण नकाशाच्या रेषेबाहेरही जमीन हलू शकते हे सांगायला शिक्षक लागतो, आणि त्याला ते आधी कुणीतरी शिकवावं लागतं.

जपानमध्ये नव्या शतकातही ही उणीव होतीच. २००८ मध्ये जपानच्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेनं प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली. वर्ग सांभाळून विज्ञान शिकवणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी हा विषय आपल्याला अवघड जातो असं सांगितलं. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी सुरू झाल्या. एक, निवडक शिक्षकांना विद्यापीठांत तयार करून त्यांच्याकरवी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवायची योजना. दुसरी, शिक्षक परवान्याचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० तासांचं प्रशिक्षण. नूतनीकरणाचा हा नियम शिक्षकांना जाच वाटला. फी खिशातून भरायची आणि सुट्ट्या त्यात घालवायच्या. २०२२ मध्ये तो रद्द झाला. पण त्या काळात कितीतरी विद्यापीठांनी उन्हाळ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी माती-दगडांचे वर्ग भरवले, आणि तिथं काय करतात ते सांगण्यासारखं आहे.

टोकियोच्या आसपासची तांबूस माती मुळात ज्वालामुखीची राख. शिक्षकांना त्यातली चमचाभर माती वाटीत देतात. पाणी घालायचं, अंगठ्यानं तळाशी चोळायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं, परत पाणी. तांदूळ धुतो ना आपण, अगदी तसं. दहा-पंधरा वेळा केलं की पाणी नितळ होतं आणि तळाशी चिमूटभर वाळू उरते. ती वाळवून भिंगाखाली धरली, की हिरवट, काळे, काचेसारखे पारदर्शक स्फटिक चमकतात. लोहचुंबक फिरवलं तर काळे कण उडी मारून चिकटतात. ज्या मातीला आपण 'घाण' म्हणून बूट झटकतो, ती एका डोंगराच्या पोटातून आली आहे, हे त्या क्षणी पटतं.

दुसरी वस्तू जपानच्या अनेक शाळांच्या कपाटात पडून असते. इमारत बांधण्यापूर्वी जमिनीत खोल भोक पाडून मातीचे नमुने काढतात आणि छोट्या बाटल्यांत भरून, किती मीटरवरचा ते लिहून पेटीत ठेवतात. प्रशिक्षणात शिक्षकांना ती पेटी वाचायला शिकवतात. इथं शिंपल्याचे तुकडे आहेत, म्हणजे इथं कधीतरी समुद्र होता. इथं गोल गोटे आहेत, म्हणजे नदी वाहत होती. इथं बारीक गाळ आहे, म्हणजे पाणी येऊन थांबलं होतं. आपल्याच वर्गाच्या पायाखाली!

११ मार्च २०११ ला अशा वाचनाची परीक्षा झाली. दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. इवाते प्रांतातल्या कामाइशी शहरात १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींनी आधीच मोठा संहार केला होता. गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक काताडा तोशिताका तिथल्या शिक्षकांबरोबर काही वर्षं काम करत होते. त्यांनी वेगळा विषय काढला नाही. शिक्षकांनी रोजच्याच विषयांत त्सुनामी विणली. गणितात लाटेच्या वेगाचं उदाहरण यायचं. हजारो मीटर खोल समुद्रात ती विमानासारखी धावते, पण १० मीटर खोल पाण्यातही तिचा वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर असतो, म्हणजे ती दिसल्यावर पळून उपयोग नाही. आणि मुलांना सर्वांत ठासून सांगितलं ते हे, की नकाशातल्या अंदाजावर विसंबू नका.

उनोसुमाईच्या दोन शाळा, एक प्राथमिक आणि एक माध्यमिक, धोक्याच्या नकाशात सुरक्षित रंगात होत्या. तरी मोठी मुलं धावत सुटली. त्यांना बघून वरच्या मजल्यावर गेलेली लहान मुलं खाली उतरून त्यांच्यामागं निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, म्हणून आणखी वर गेली, आणि मग आणखी वर. दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या, पण त्या वेळी शाळेत असलेली ही मुलं वाचली. शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. जी पाच गेली, ती त्या वेळी शाळेच्या देखरेखीखाली नव्हती.

त्याच दुपारी मियागी प्रांतातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं सुमारे पन्नास मिनिटं मैदानावर थांबली. शाळा समुद्रापासून जवळजवळ चार किलोमीटर आत, किताकामी नदीच्या काठी. नकाशात सुरक्षित. पाणी नदीतून वर आलं. १०८ मुलांपैकी ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. शाळेच्या मागं टेकडी होती, आणि पूर्वी त्याच टेकडीवर मुलांनी शिताके अळंबी लावण्याचं प्रात्यक्षिक केलं होतं. इथं थांबून विचार करावा असं काहीतरी आहे. हातानं करून शिकणं त्या शाळेतही होतं. टेकडी ओळखीची होती. पण 'ही नदी म्हणजे समुद्राला आत यायचा रस्ता आहे आणि ही टेकडी म्हणजे आपली सुटका' हा धागा कुणी आधी जोडून ठेवला नव्हता.

पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. निकालाचा रोख त्या पन्नास मिनिटांपेक्षा त्याआधीच्या वर्षांवर होता. शाळेचे प्रमुख आणि शहराचं शिक्षण मंडळ यांनी आधीच तयारी करायला हवी होती. सरकारी नकाशा आंधळेपणानं न स्वीकारता शाळेची जागा पाहून तपासायला हवा होता. आणि त्यांचं याबाबतचं ज्ञान गावातल्या सामान्य माणसापेक्षा बरंच वरच्या पातळीचं असायला हवं होतं. १९०४ मध्ये जो प्रश्न शिक्षणशास्त्राचा होता, तो आता कायद्याचा झाला. शिक्षकाला पायाखालची जमीन माहीत असणं हा छंद राहिला नाही, ते कर्तव्य ठरलं. आणि कर्तव्य म्हटलं, की ते शिकवायची जबाबदारी शिक्षकाला नेमणाऱ्यांवरही येते.

आपल्या महाराष्ट्रात अशी वाट कुणी चाललंच नाही असं नाही. मुंबईत १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं सत्तरच्या दशकातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन खेड्यांतल्या शिक्षकांबरोबर काम केलं. पुढे ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर आला. सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत एक तरी बाई किंवा गुरुजी असे असावेत, ज्यांना भिजलेल्या उताराला पडलेली भेग आणि अचानक गढूळ झालेला झरा बघून काय करायचं ते कळेल. हे पाठ्यपुस्तकातून येत नाही, उतारावर नेऊनच शिकवावं लागतं.

तुम्ही कुठंही राहत असाल, या आठवड्यात दोन कामं करा. एक, जपानमध्ये असाल तर बागेच्या दुकानातून कानुमा मातीची छोटी पिशवी आणा. ती पिवळसर हलकी माती म्हणजे आकागी ज्वालामुखीनं सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी उडवलेला दगडी फेस आहे. मुलांबरोबर वाटीत चोळून धुवा आणि भिंग घ्या. इतरत्र असाल तर अंगणातली किंवा नदीकाठची माती घेऊन हेच करा. गावी गेलात तर काळी माती धुऊन पाहा, ती आपल्या बेसाल्टची लेक आहे. दुसरं, पुढच्या पालकसभेत परीक्षेच्या गुणांबरोबर शिक्षकांना एक प्रश्न नम्रपणे विचारा. आपल्या शाळेखाली कसली जमीन आहे, आणि तुम्हाला ती बघायला कुणी नेलं होतं का? उत्तर 'नाही' आलं तर शिक्षकांवर रागावू नका. त्यांना नेण्याची सोय व्हावी म्हणून शाळेकडे शब्द टाका.

आज इतकंच, मंडळी. मुलांनी वाटीत काय शोधलं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.